आधी बोर्ड, मग प्रोसेसर

कोणता प्रोसेसर घेऊ, हा प्रश्न या वेळी जवळजवळ प्रत्येक पत्रात आहे. ज्यावर सगळं बसतं तो बोर्ड कोणता आणि वीज पुरवणारा डबा, म्हणजे एसएमपीएस, कोणता, हे विचारणारी पत्रं फार थोडी. मी गोव्यात फोंड्याला बरीच वर्षं कॉम्प्युटर जोडते आणि बिघडलेले दुरुस्तही करते. माझ्या टेबलावर मेलेला प्रोसेसर क्वचित येतो. येतात ते बोर्ड, एसएमपीएस आणि गंजलेले पोर्ट. म्हणून उत्तरं देताना माझा कल कुठे आहे ते आधीच सांगून ठेवते: प्रोसेसर एक पायरी खालचा घ्या, पण बोर्ड आणि एसएमपीएस यांच्यात पैसे वाचवू नका.

प्रश्न : ताई, मुलाला फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात मेकॅनिकलला प्रवेश मिळाला. एका दुकानात ‘आय५, १६ जीबी, एसएसडी, विंडोज ११’ असा सीपीयू १८ हजारांत सांगितला. दुसरीकडे चाळीसच्या वर सांगतात. मॉनिटर धरून आमची तयारी ६० हजारांची आहे. दोन्हीकडे आय५च, मग एवढा फरक कशाचा?
— एक पालक, डिचोली

उत्तर : फरक पिढीचा आहे. इंटेल कंपनीचं आय५ हे नाव २००९ पासून बाजारात आहे आणि त्या नावाखाली आतला माल सतत बदलत आलाय. पैसे देण्याआधी दुकानदाराला एवढंच विचारा, की आय५च्या पुढचा आकडा कोणता? अशा स्वस्त संचात बहुतेक वेळा आय५-३४७० किंवा त्याचा भाऊबंद निघतो. चार अंकी आकड्यात पहिला अंक पिढीचा, म्हणजे ही तिसरी पिढी, साल २०१२. आकडा पाच अंकी असेल तर पहिले दोन बघायचे. १२४०० म्हणजे बारावी पिढी. दुकानदार सांगायला कां-कूं करू लागला, तर मशीन सुरू करायला लावा आणि टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स उघडा, नाव पूर्ण दिसतं.

आय५-३४७० अजूनही चालतो, पत्रं लिहायला आणि हिशेबाला पुरतोही. अडचण आहे ती त्याच्याखालच्या बोर्डाची. हा प्रोसेसर एलजीए ११५५ सॉकेटात (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसरची जागा) बसतो, आणि नावाजलेल्या कंपन्यांनी त्या सॉकेटाचे बोर्ड बनवणं कधीच सोडलं. मग सोबत येतो अनोळखी छापाचा, नवाकोरा दिसणारा एच६१ बोर्ड. एच६१ हा चिपसेट, म्हणजे बोर्डाची मुख्य चिप, २०११चा. त्यात स्वतःचं यूएसबी ३ नाही, डिस्क जोडणाऱ्या साटाचा वेग ३ गिगाबिटांवर अडतो, आणि रॅम लागते ती डीडीआर३. उद्या तो बोर्ड गेला, तर त्यावरचा प्रोसेसर आणि रॅम दुसऱ्या कुठल्याही नव्या बोर्डात बसणार नाहीत. १८ हजार एकदम गेले.

विंडोज ११चंही तेच. मायक्रोसॉफ्टच्या यादीत इंटेलची आठवी पिढी आणि त्यापुढचेच प्रोसेसर आहेत, शिवाय टीपीएम २.० ही किल्ल्या जपणारी सुरक्षेची सोय लागते. तिसऱ्या पिढीवर विंडोज ११ दिसत असेल तर ते तपासणी चुकवून टाकलेलं आहे. आज चालेल, पुढच्या मोठ्या अपडेटला अडेल की नाही याची हमी दुकानदार देणार नाही.

आता तुमच्या मुलाचं काम बघू. मेकॅनिकलला पहिली दोन वर्षं ड्रॉइंग आणि त्रिमिती मॉडेल. मॉडेलमध्ये एक माप बदललं की पुढचं सगळं परत गणलं जातं, आणि ते गणित बहुतांशी एकाच कोअरवर, म्हणजे प्रोसेसरातल्या एकाच गणकावर, चालतं. म्हणून कोअर किती यापेक्षा एक कोअर किती जलद, हे महत्त्वाचं. इथेच नावाची गंमत कळते: जानेवारी २०२२चा आय३-१२१०० हा चारच कोअरचा असूनही जुन्या आय५-३४७०च्या कितीतरी पुढे आहे. पुढे तिसऱ्या-चौथ्या वर्षी ताणदाबाची विश्लेषणं आली की जास्त कोअर आणि जास्त रॅम दोन्ही कामी येतात.

६० हजारांत मॉनिटरही बसवायचा असेल, तर मी आय५-१२४०० घेईन. ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट, कूलर पेटीतच. शेवटी ‘एफ’ असलेला १२४००एफ मात्र नको. तो थोडा स्वस्त पडतो, पण त्यात ग्राफिक नाही, म्हणजे वेगळं कार्ड घेतल्याशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही.

बोर्ड बी७६०चा घ्या. एच६१०वर हाच प्रोसेसर चालतो आणि हजार-दोन हजार वाचतात, हे खरं. पण एच६१०वर रॅमच्या दोनच जागा असतात, रॅम ठरावीक वेगापुढे जात नाही, आणि स्वस्त बोर्डांवर प्रोसेसरला वीज देणाऱ्या भागावर, ज्याला व्हीआरएम म्हणतात, उष्णता ओढून घेणारा धातूचा हीटसिंकच नसतो. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडे दुपारी खोलीच तापलेली असते. त्यात तो उघडा भाग तासन्‌तास तापत राहिला की बोर्डाचं आयुष्य कमी होतं. हजार रुपये तिथे घाला. आणि बी७६०चे बोर्ड डीडीआर४चे वेगळे, डीडीआर५चे वेगळे. खाच वेगळी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. घरात किंवा नात्यात जुन्या मशीनच्या डीडीआर४ पट्ट्या पडून असतील तर डीडीआर४चा बोर्ड घ्या. २०२५च्या अखेरीपासून रॅमचे भाव चढलेत, कारण मेमरीचे कारखाने माल डेटा सेंटरांकडे वळवतायत. घरातली पट्टी वापरली तर खरंच पैसे वाचतील. नसेल, तर ८ जीबीच्या एका पट्टीने सुरुवात करून सहा महिन्यांनी जोडीची दुसरी घाला. एका पट्टीवर ग्राफिक थोडं हळू चालतं, पण पहिल्या वर्षाला अडत नाही.

एलजीए १७०० या सॉकेटाची वाट चौदाव्या पिढीपाशी संपली, हेही माहीत असू द्या. चार वर्षांनी नुसता प्रोसेसर बदलण्याची मुभा हवी असेल आणि अजून दहा-बारा हजार निघत असतील, तर एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या एएम५ सॉकेटाचा बी६५० बोर्ड आणि रायझन ५ ७६०० प्रोसेसर घ्या. २०२२ला आलेल्या या सॉकेटाला २०२७ आणि पुढेही साथ देऊ असं एएमडीने जाहीर केलंय. त्याला डीडीआर५च लागते, एवढं लक्षात असू द्या.

प्रश्न : २०१९ मध्ये जोडून घेतलेलं मशीन आहे. रायझन ३ २२००जी, बी४५० बोर्ड, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक कार्ड नाही. विंडोज १०चा आधार संपला, ११ घेत नाही. सगळं बदलावं लागेल असं सांगतात. खरं का?
— बागायतदार, वाळपई

उत्तर : नाही, नुसता प्रोसेसर बदला. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला हे खरं. तुमचा २२००जी नावाने २००० मालिकेतला असला तरी आतून पहिल्या पिढीच्या झेन रचनेचा आहे, म्हणून मायक्रोसॉफ्टच्या यादीत तो नाही. पण तुमचा बोर्ड एएम४ सॉकेटाचा आहे, आणि त्या सॉकेटाने २०१७च्या पहिल्या रायझनपासून ५००० मालिकेपर्यंत सगळ्यांना जागा दिली. रायझन ५ ५६००जी किंवा ५६००जीटी घ्या. शेवटचं ‘जी’ विसरू नका. साध्या ५६००मध्ये ग्राफिक नाही, आणि तुमच्याकडे कार्ड नाही. जोडीला त्याच वेगाची आणखी एक ८ जीबी पट्टी. बोर्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, सगळं जागच्या जागी राहील.

काम मात्र क्रमाने करा. पहिलं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारा बोर्डावरचा प्रोग्रॅम, नवं करा, आणि तेही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच. बोर्डाचं पूर्ण नाव आणि रिव्हिजनचा आकडा बोर्डावरच छापलेला असतो. कंपनीच्या साइटवर त्या नावाखाली प्रोसेसरांची यादी असते आणि प्रत्येकापुढे कमीत कमी कुठली बायोस आवृत्ती लागते ते दिलेलं असतं. काही बोर्डांना एकदम शेवटची आवृत्ती चालत नाही, मधली एक आधी टाकावी लागते. टिपणात लिहिलेलं असतं, ते वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका. फाइल पेनड्राइव्हवर घ्या आणि बायोसमधल्याच सोयीने अपडेट करा. हे काम यूपीएसवरच करायचं. सत्तरी तालुक्यात पावसाळ्यात वीज कशी जाते ते मी तुम्हाला सांगायला नको. अर्ध्यात वीज गेली की बायोसची चिप अर्धवट लिहिलेली राहते आणि बोर्ड काहीच दाखवत नाही. क्लिप लावून ती चिप परत लिहिता येते, पण त्यासाठी बोर्ड घेऊन फोंड्यापर्यंत यायला लागू नये, एवढीच माझी इच्छा.

दुसरं, विंडोजमध्ये डिस्कला कुलूप घालणारं बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू आहे का ते बघा. असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा किंवा ते तात्पुरतं थांबवा. नवा प्रोसेसर बसला की सुरू होताना स्क्रीनवर एफटीपीएमबद्दल (प्रोसेसरातलंच टीपीएम) इंग्रजी मजकूर येतो आणि ‘वाय’ की ‘एन’ विचारतो. ‘वाय’ दाबलं की जुन्या किल्ल्या पुसल्या जातात. बिटलॉकर चालू आणि की हाताशी नाही, अशा अवस्थेत लोक स्वतःच्याच फायलींबाहेर अडकतात.

तिसरं, कूलर. एएम४ला पिना प्रोसेसरच्या पोटाला असतात आणि वाळलेली थर्मल पेस्ट कूलरला घट्ट धरते. कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेल्या सॉकेटातून प्रोसेसरही उपटून येतो आणि पिना वाकतात. म्हणून मशीन दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम करा, बंद करा, प्लग काढा, आणि कूलर डावी-उजवीकडे हलके पिळत सोडवा. नवा प्रोसेसर बसवताना त्याच्या कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटावरच्या त्रिकोणाशी जुळवायचा. तो आपल्या वजनाने खाली बसतो. दाबावं लागत असेल तर काहीतरी चुकतंय, थांबा.

प्रश्न : घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. पावसाळ्यात कॉम्प्युटर चार दिवस बंद राहिला की सुरूच होत नाही. मागच्या पोर्टांना गंज चढलाय. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात. आता नवा घ्यायचाय, खाऱ्या हवेत टिकणारा बोर्ड कोणता?
— निवृत्त शिक्षिका, मोरजी

उत्तर : बाई, बोर्डाचं नंतर, आधी झिणझिण्या. एसएमपीएसच्या आत विजेचा गोंगाट गाळणारे दोन छोटे कपॅसिटर असतात आणि त्यांचं मधलं टोक कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेलं असतं. घराचं अर्थिंग ठीक असेल तर तिथला बारीकसा प्रवाह जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर पत्र्यावर २३०च्या निम्मं, म्हणजे ११५च्या आसपास व्होल्टेज उभं राहतं. प्रवाह अगदी थोडा असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण तीच वीज यूएसबी आणि मॉनिटरच्या केबलांतून फिरत राहते, आणि चुकून खरी गळती झाली तर वाचवणारं कुणी नाही. नवा कॉम्प्युटर आणण्याआधी वायरमनला बोलवा आणि मल्टिमीटरने न्यूट्रल व अर्थ यांच्यामध्ये मोजायला सांगा. दोन-तीन व्होल्टांच्या आत असावं. चिऱ्याच्या जमिनीत ओल टिकत नाही, त्यामुळे खड्डा जुना असेल तर तो नव्याने भरावा लागेल. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहायचं. या खर्चाने तुमचा फ्रिज आणि पंपही सुरक्षित होईल.

आता खारी हवा. मीठ स्वतः कोरडं असेपर्यंत फारसं काही करत नाही. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून विरघळतं, आणि बोर्डावरच्या धुळीचा ओला, वीज वाहून नेणारा थर होतो. जून ते सप्टेंबर आपली हवा बहुतेक वेळ त्या रेषेच्या वरच असते. मशीन चालू असताना आतली ऊब बोर्ड कोरडा ठेवते. चार दिवस बंद राहिलं की ओल बसते. म्हणूनच तुमचं मशीन सुट्टीनंतरच रुसतं.

तेव्हा पावसाळ्यात काम नसलं तरी रोज तासभर सुरू ठेवा. समुद्राकडच्या खिडकीपासून लांब, जमिनीवरून वीतभर उंच ठेवा. बंद असताना सुती कापड टाका, प्लास्टिकचं आवरण नको, ते ओल आत कोंडतं. न वापरलेल्या यूएसबी आणि एचडीएमआय पोर्टांना रबरी टोप्या मिळतात, त्या बसवा. वर्षातून दोनदा, पावसाआधी आणि चवथीनंतर, कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा. रॅम काढून तिची सोनेरी टोकं आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलावलेल्या मऊ कापडाने पुसा. पेन्सिलीच्या रबराने घासायची आपल्याकडे सवय आहे. मी ती सोडायला सांगते, कारण त्या टोकांवरचा सोन्याचा मुलामा फार पातळ असतो आणि एकदा तो गेला की खालचा धातू खाऱ्या हवेला उघडा पडतो. घड्याळ दर वेळी मागे जात असेल तर बोर्डावरचा सीआर२०३२ सेलही बदला.

समुद्राच्या हवेसाठी म्हणून घरगुती बोर्ड वेगळा मिळत नाही. तुमच्या कामाला, म्हणजे लेखन, ईमेल आणि नातवंडांशी व्हिडिओवर बोलणं, आय३-१२१०० भरपूर आहे. बोर्ड मायक्रो-एटीएक्स आकाराचा घ्या, पोर्टांभोवतीची मागची पट्टी बोर्डाला आधीच जोडलेली असेल तर उत्तम, सुटी पत्र्याची पट्टी लवकर गंजते. कॅबिनेटला मागे कार्डांच्या जागी भोकं उघडी ठेवू नका. माझ्याकडे हरमलहून आलेल्या एका मशीनच्या एसएमपीएसमध्ये पाल शिरून दोन टोकांमध्ये चिकटली होती. तिने जोडलेल्या त्या बोटभर अंतरातून एसएमपीएस, बोर्ड आणि हार्ड डिस्क, तिन्ही गेलं. पत्र्याची एक छोटी पट्टी लावली असती तर हे टळलं असतं.

इन्व्हर्टरवर चालवणार असाल तर तो साइन वेव्हचा आहे का ते बघा आणि मागचं बटण ‘यूपीएस’वर ठेवा. वीज गेल्यावर चांगला एसएमपीएस साधारण १६ मिलिसेकंद दम धरतो. यूपीएस मोडमध्ये इन्व्हर्टर बहुतेक तेवढ्यात बदलतो, दुसऱ्या मोडमध्ये नाही. आणि वेगळा यूपीएस घेताना आकड्याने फसू नका, ६०० व्हीए लिहिलेला साधा यूपीएस ३६० वॅटच्या आसपासच देतो. तुमच्या मशीनला तो पुरेल.

प्रश्न : लग्नांचं शूटिंग आणि एडिटिंग करतो. नवा कॅमेरा ४के, १०-बिट, ४:२:२ देतो आणि टाइमलाइन अडखळते. सध्या आय७-९७००, ३२ जीबी, आरटीएक्स ३०६० कार्ड आहे. रायझन ७ ९७००एक्स घ्यावा की कोअर अल्ट्रा ७ २६५के?
— म्हापसा

उत्तर : पैसे खर्च करण्याआधी एक फुकटचा उपाय करून बघा. फुटेज आलं की रात्री त्याच्या हलक्या नकला, म्हणजे प्रॉक्सी, बनवायला लावा आणि सकाळी त्यावर काटछाट करा. बऱ्याच जणांचं एवढ्यावर भागतं आणि पुढच्या हंगामापर्यंत खरेदी लांबवता येते.

तरी घ्यायचाच असेल तर तुमच्या बाबतीत उत्तर स्पष्ट आहे: २६५के. कारण वेग नव्हे, ४:२:२, म्हणजे रंगाची जास्त माहिती जपणारं रेकॉर्डिंग. एच.२६५चं १०-बिट ४:२:२ फुटेज उलगडणारं हार्डवेअर तुमच्या नवव्या पिढीच्या इंटेलमध्ये नाही, ३०६०मध्ये नाही आणि रायझनच्या आतल्या ग्राफिकमध्येही नाही. त्यामुळे सगळा भार कोअरांवर पडतो. इंटेलच्या नव्या प्रोसेसरांमधलं क्विक सिंक ते काम वेगळ्या भागात करतं. एनव्हिडियाच्या ५० मालिकेच्या कार्डांतही ती सोय आली, म्हणून कार्डच बदलणार असाल तर ९७००एक्सही चालेल. तुम्हाला कार्ड ठेवायचंय, तेव्हा २६५के, आणि केएफ नव्हे. केएफमध्ये ग्राफिक नाही, म्हणजे ज्यासाठी घेतला तेच नाही.

बोर्ड बी८६०चा पुरे, पण व्हीआरएमवर जाड हीटसिंक असलेला. हा प्रोसेसर पूर्ण जोरात २५० वॅटपर्यंत जातो आणि पेटीत कूलर येत नाही. बायोसमध्ये मर्यादा १२५ वॅटवर बांधा. एक्स्पोर्टला थोडा वेळ जास्त लागेल, खोली आणि पंखे दोन्ही शांत राहतील. रॅम आता १६ जीबीच्या दोन पट्ट्या घ्या, भाव उतरले की पुढचं बघू. जुन्या मशीनची रॅम डीडीआर४ आहे, ती इथे चालणार नाही. त्या मशीनसकट विका.

प्रश्न : ऑनलाइन झिऑन ई५-२६८० व्ही४, बोर्ड आणि रॅम असा संच स्वस्तात दिसतो. १४ कोअर! गेमिंग आणि कोडिंगला घेऊ का?
— विद्यार्थी, फोंडा

उत्तर : कोअर मोजून घेऊ नकोस. हा २०१६चा सर्व्हरचा प्रोसेसर, डेटा सेंटरमधून निवृत्त झालेला. १२० वॅट घेतो आणि त्यात ग्राफिक नाही. गेमला एका कोअरचा वेग लागतो आणि तो इथे कमी आहे, सहा कोअरचा रायझन ५ ५६०० त्याला गेममध्ये मागे टाकेल. विंडोज ११च्या यादीतही हा नाही. व्हर्च्युअल मशीन चालवत लिनक्स शिकायचं असेल तर तो उपयोगी आहे, पण बोर्ड अनोळखी छापाचा असतो, बायोस अपडेट कुठून आणायचं आणि वॉरंटी कोण देणार, याला उत्तर नाही. तुझ्या जागी मी एकच नवा, वॉरंटीचा बोर्ड घेतला असता आणि प्रोसेसर साधा.

प्रश्न : बी६५० बोर्ड ऑनलाइन मागवलाय. पिना वाकलेल्या निघाल्या तर विक्रेता ऐकत नाही म्हणतात. काय काळजी घेऊ?
— मडगाव

उत्तर : खोकं फोडण्यापासून सगळ्याचा सलग व्हिडिओ करा, मध्ये तोडू नका. एएम५ला पिना बोर्डावर असतात, १७१८, केसाएवढ्या बारीक. सॉकेटावर काळं प्लास्टिकचं झाकण असतं. ते धातूच्या चौकटीला अडकवलेलं असतं आणि चौकट बाजूच्या दांडीने बांधलेली असते. दांडी सोडून चौकट वर उचला आणि पिनांना हात न लावता मोबाइलची बॅटरी तिरकी धरा, सरळ वरून नको. तिरक्या उजेडात पिनांच्या टोकांवर एकसारख्या चमकत्या रांगा दिसतात. बॅटरी हळूहळू चारी बाजूंनी फिरवा. जिथे रांग मोडते, एखादा ठिपका विझतो किंवा शेजारच्याला चिकटलेला दिसतो, तिथे पीन वाकलीय. तसं दिसलं तर प्रोसेसर बसवू नका, तिथेच फोटो काढा आणि परत पाठवा. सगळं ठीक असेल तर प्रोसेसर बसवा आणि ते काळं झाकण खोक्यात जपून ठेवा. वॉरंटीत बोर्ड पाठवताना झाकण नसेल तर कंपन्या अडवतात.

थोडक्यात उत्तरं

पेडण्याच्या वाचकाला : रॅमच्या चार जागा आणि पट्ट्या दोन असतील तर प्रोसेसरपासून मोजून दुसरी आणि चौथी जागा. पहिल्या-दुसऱ्या जागेत शेजारी-शेजारी घातल्या तर रॅमचा डेटा नेण्याचा वेग निम्म्यावर येतो.

काणकोणच्या वाचकाला : डीडीआर५चं नवं मशीन पहिल्यांदा सुरू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते, बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो. रीसेट दाबू नका, वाट बघा. नंतर बायोसमध्ये एक्सपो किंवा एक्सएमपी चालू करा, नाहीतर ६००० लिहिलेली पट्टी कमी वेगानेच चालत राहील.

वास्कोच्या वाचकाला : तेराव्या-चौदाव्या पिढीच्या ताकदवान इंटेल प्रोसेसरांत व्होल्टेजचा दोष होता हे खरं. इंटेलने ऑगस्ट २०२४मध्ये ०x१२९ आणि पुढे ०x१२बी हे मायक्रोकोड, म्हणजे बायोसमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या, दिले आणि बाधित प्रोसेसरांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्या आय७-१४७००केसाठी आजच बायोस नवं करा. त्याने पुढची झीज थांबते, झालेली भरून येत नाही. गेम आपोआप बंद पडणं त्यानंतरही चालूच राहिलं, तर प्रोसेसर वॉरंटीत द्या.

सांग्याच्या वाचकाला : नवं कार्ड घालूनही गेम पूर्वीसारखाच चालतो, कारण मॉनिटरची केबल अजून बोर्डाच्या पोर्टात आहे. ती कार्डाच्या पोर्टात लावा.

प्रश्न : भाऊ मुंबईला आहे. लॅमिंग्टन रोडवर सामान स्वस्त मिळतं म्हणतो. तिथून आणू की गोव्यातच घेऊ?
— साखळी

उत्तर : प्रोसेसर, रॅम, एसएसडी तिथून आणा, हरकत नाही. हलकं सामान, बिघडण्याचं प्रमाण कमी, आणि इंटेल-एएमडी दोघांच्याही पेटीबंद प्रोसेसरांना तीन वर्षांची वॉरंटी असते. पेटीशिवाय, नुसत्या ट्रेमधला प्रोसेसर स्वस्त पडतो, पण त्याची वॉरंटी विक्रेता देईल तेवढीच. भावाला पक्कं जीएसटीचं बिल घ्यायला सांगा आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यायला लावा. नंबर नसलेलं बिल सर्व्हिस सेंटरवर बरेचदा नाकारतात.

बोर्ड आणि एसएमपीएस मात्र जवळच्या दुकानातून घ्या, पाचशे-हजार जास्त पडले तरी. बिघडतात तर हेच दोन, आणि बिघडले की दुकानदार तुमच्यासाठी सर्व्हिस सेंटरशी बोलतो. बोर्ड मुंबईहून आणायचाच झाला तर त्याच्या मूळ चंदेरी पिशवीत, मूळ खोक्यात, रात्रीच्या बसमध्ये मांडीवर. डिकीत नको. आणि घरी पोचल्यावर लगेच उघडू नका. एसी बसमधून आपल्या दमट हवेत आलेल्या थंड बोर्डावर पाणी सुटतं. तासभर पिशवीतच राहू दे, मग जोडायला घ्या.